मंगळवारपासून प्रेमळ

माझे सासरे, म्हणजे अण्णा, वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, तराजू उचलून बघायचा, वजनाच्या बुडाशी नख घासून बघायचं आणि दुकानदाराची बोलती बंद करायची, हे त्यांचं काम. नोकरीत होते तोवर चुका काढण्याचा पगार मिळायचा. निवृत्त झाल्यावर तेच काम त्यांनी घरी फुकटात चालू ठेवलं. चहा कडक गरम असला तर "तोंड भाजायचंय का माझं?", जरा निवला तर "हा काय कालचा?" खिडकी उघडली तर वारा लागतो, लावली तर जीव गुदमरतो. मी आणि माझा नवरा आपसात त्यांना 'तोफ' म्हणतो. "तोफ थंडावली का?" असं तो ऑफिसातून फोन करून विचारतो आणि घरी लवकर यायचं की कामाचं निमित्त काढायचं ते माझ्या उत्तरावरून ठरवतो. पोटचा मुलगा असून ही तऱ्हा.

मीही काही गरीब गाय नाही. अण्णांना मी तोंडावर उत्तर देते, स्वयंपाकघराचं दार आपटते, आणि संध्याकाळपर्यंत आमची दोघांचीही वाफ निघून जाते. त्यामुळे आमचं बरं चाललेलं असतं. प्रश्न सासूबाईंचा. त्या उत्तर देत नाहीत. लग्न झाल्यापासून हा आवाज त्यांनी हवेसारखा धरलाय. बदलता येत नाही, मग कुरकुर कशाला करायची! आणि वरताण म्हणजे बाहेरच्या माणसासमोर नवऱ्याविषयी त्यांच्या तोंडून कधी वावगा शब्द निघालेला नाही. शेजारीण येवो, नळ दुरुस्त करणारा येवो, आतून अण्णांचा आवाज घुमला की सासूबाई हसून म्हणणार, "आवाज मोठा आहे हो त्यांचा, पण मनाने फार प्रेमळ आहेत." ऐकून ऐकून माझे कान किटले. एकदा मी विचारलंच, "आई, ते प्रेमळ मन तुम्ही स्वतः बघितलंय का कधी?" तर म्हणाल्या, "प्रत्येक गोष्ट चव्हाट्यावर नेऊन बसवायची नसते." विषय संपला.

आता बाथरूममधला प्रकार सांगते. मला तो तेव्हा माहीत नव्हता, मागाहून कळला, पण इथेच सांगून टाकलेला बरा.

एका सकाळी मी बाजारात आणि नवरा ऑफिसात असताना अण्णा बाथरूममध्ये घसरले. पडता पडता बेसिनच्या कडेवर डोकं आपटलं आणि ते खाली बसले. सासूबाई धावत गेल्या. रक्त नाही, टेंगूळ नाही, काही नाही. अण्णांनी आधी ओल्या फरशीवरून सासूबाईंना फैलावर घेतलं, मग त्यांच्याच खांद्याचा आधार घेऊन उठले आणि दम दिला, "कुणाला सांगायचं नाही. त्या दोघांना कळलं तर उद्यापासून माझ्या हातात तो सांगाडा देतील." सांगाडा म्हणजे नवऱ्याने त्यांच्यासाठी आणलेला वॉकर. अण्णांचं वजन वर्षभरात निम्म्यावर आल्यासारखं झालं होतं, पाय लटपटायचे, पण वॉकरला त्यांनी बोट लावलं नव्हतं. तो दाराआड उभा होता आणि आम्ही त्यावर टॉवेल वाळत घालायचो.

सासूबाईंनी तोंडाला कुलूप लावलं. एक तर त्यांना ती सवयच, आणि दुसरं म्हणजे अण्णा नेहमीच्याच जोमाने ओरडत होते. आमच्या घरात तब्येतीचं हेच माप. ओरडतायत ना? मग ठणठणीत आहेत. अण्णांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू होती. गोळी देताना डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणे, की डोक्याला जरासं लागलं तरी लगेच यायचं, काही झालं नाही असं वाटलं तरी यायचं. पण हे बजावलं होतं अण्णांना एकट्याला, आणि दुसऱ्याचं सांगणं घरी आणून पोचवणारे अण्णा नव्हेत.

दोन-तीन आठवडे गेले. मग तो मंगळवार आला.

दुपारी सासूबाई अण्णांना वाढत होत्या. अण्णांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू जेवलीस का?"

सासूबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. मी ओट्याशी होते, मी वळून बघितलं. मला वाटलं आता पुढे काहीतरी येणार, 'जेवलीस का, म्हणजे मला उरलंसुरलं वाढतेयस ते कळेल' असं काहीतरी. पुढे काहीच आलं नाही. ते उत्तराची वाट बघत होते.

"नाही अजून," सासूबाई म्हणाल्या.

"मग बस ना माझ्याबरोबर."

त्या बसल्या. त्यांच्या नव्या नवरीसारख्या झालेल्या तोंडाकडे बघून मला हसू आवरेना, म्हणून मी नळ सोडला.

बुधवारी अण्णांनी माझ्या चहाला चांगलं म्हटलं. मला 'बाळ' म्हणाले. मी या घरात आल्यापासून मला 'अहो महाराणी'च्या पलीकडे पदवी मिळाली नव्हती. नवऱ्याचा फोन आला, "तोफ?" मी म्हटलं, "तोफेतून फुलं पडतायत." तो इतका हसला की त्याच्या ऑफिसातलं कुणीतरी काय झालं म्हणून विचारायला आलं. संध्याकाळी तो स्वतःहून लवकर घरी आला. "वय झालं की माणूस निवळतो," असं म्हणाला आणि वडिलांच्या शेजारी बसून टीव्ही बघितला. हे दृश्य मी तरी पहिल्यांदाच बघत होते.

आणि सासूबाई! त्यांनी कपाटातला चांगला स्वेटर काढला. दुपारी खिडकीशी दोन खुर्च्या लावून दोघं बसायची. अण्णांचा हात त्यांच्या हातात. खाली रस्त्यावर काय, तेच, गाड्या आणि माणसं. पण काम करताना येता-जाता मी सासूबाईंना गुणगुणताना ऐकलं. या बाईला गाणं येतं हेच मला माहीत नव्हतं. मी खरं सांगते, मला फार बरं वाटलं. म्हटलं, उशिरा का होईना, हिच्या वाट्याला आलं.

पण मी दिवसभर घरात असते आणि माझे डोळे शाबूत आहेत. अण्णांच्या डाव्या पायातली चप्पल निसटायची आणि ते तसेच एका पायात चप्पल घालून फिरायचे. पेपर हातात धरायचे, पान उलटायचे नाहीत. सकाळी झोप, दुपारी झोप, बसल्या जागी झोप. एकदा शर्टाची बटणं वरखाली लावली होती, मी तसं सांगितलं तर हसून म्हणाले, "असू दे." दुसऱ्याच्या कॉलरवरचा डाग समोरच्या फुटपाथवरून ओळखणारा माणूस हा! मला शंका यायला लागली. शुक्रवारी मी मुद्दाम त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. सगळा प्यायले. "छान झालाय, बाळ." मग मी उगाच, गंमत म्हणून म्हटलं, "अण्णा, खोलीत जाताना वॉकर घ्या." ते उठले, टॉवेल बाजूला केले आणि वॉकर धरून चालायला लागले.

मी तशीच स्वयंपाकघरात गेले.

सासूबाईंना मी म्हटलं, "आई, अण्णांना दवाखान्यात दाखवू या. काहीतरी बिनसलंय."

"काय बिनसलंय?"

"ओरडत नाहीत."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी एक पाऊल मागे सरले. "चार दिवस घरात शांतता आहे," त्या म्हणाल्या, "तर तुला बघवत नाही का?" मला त्या असं कधी बोलल्या नव्हत्या. मी चिडले, दार आपटलं. आतून तोफ गरजली नाही, तेव्हा ते आपटलेलं दार मलाच लागलं.

शनिवार-रविवार तसेच गेले. सोमवारी सकाळी अण्णा उठेचनात. हाक मारली की डोळे उघडायचे, गोड हसायचे, पुन्हा मिटायचे. मग मात्र मी कुणाला विचारलं नाही. नवऱ्याला म्हटलं, "रजा टाक. गाडी काढ." सासूबाई मुकाट्याने स्वेटर घालून निघाल्या.

दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या, चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर ढकललेला. त्यांनी आधी आम्हाला काही विचारलं नाही, अण्णांच्या समोर वाकून बसल्या. "आजोबा, आज वार कोणता?"

"तुम्ही म्हणाल तो," अण्णा म्हणाले.

नर्स खुदकन हसली. "काय गोड आजोबा आहेत!"

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, हात वर करायला लावले. अण्णांनी दोन्ही हात अर्धवट उचलले आणि मांडीवर टाकून दिले. डॉक्टरांनी त्यांच्या डोक्यावरून बोटं फिरवून बघितली. तिथे काहीच नव्हतं. मग त्या आमच्याकडे वळल्या.

"या वयात असं पेंगायला शंभर कारणं असतात. लघवीत जंतू झालेले असतात, अंगातलं मीठ कमी झालेलं असतं, पाणी कमी पडलेलं असतं. मला सांगा, एवढ्यात कुठे पडले होते का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"वागण्या-बोलण्यात काही फरक?"

"छे हो. पहिल्यापासून असेच आहेत. मनाने फार प्रेमळ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आई!" मी म्हटलं. "कधी होते हो हे प्रेमळ?"

नवऱ्याचा बूट माझ्या पायावर पडला. "अगं, काहीतरी काय! डॉक्टर, अण्णा थोडे कडक होते, इतकंच. आता वय झालंय."

"कडक? डॉक्टर, हे भयंकर रागीट आहेत. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत ओरडतात. गेले काही दिवस ओरडत नाहीयेत, म्हणून तर मी यांना आणलंय."

हे बोलताना मलाच ऐकायला कसंतरी वाटलं. सासरा गोड बोलतो अशी तक्रार घेऊन आलेली सून! नर्स माझ्याकडे बघत राहिली. आणि सासूबाईंनी, ज्यांनी आयुष्यात कुणाला टाकून बोललेलं मी ऐकलं नव्हतं, त्यांनी डॉक्टरांना शांतपणे सांगितलं, "सून आहे ती. सुनेला सासरा कडकच वाटणार."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. नवरा छताकडे बघत होता. त्याचीही चूक म्हणवत नाही. या घरात तो लहानाचा मोठा झाला. बाहेर बोलायचं नाही हे त्याला दुधाबरोबर पाजलेलं.

डॉक्टरांनी रक्त-लघवीच्या तपासण्या लिहायला घेतल्या. म्हणाल्या, सलाईन लावू, संध्याकाळी रिपोर्ट बघू, बहुधा पाणीच कमी पडलंय. दोघांनी एक सांगितलं होतं आणि एकीने दुसरं. त्या तरी काय करणार? मला रडू यायला लागलं होतं, रागाने. तेवढ्यात अण्णांनी डोळे उघडले. चाचपडत सासूबाईंचा हात शोधला आणि विचारलं, "तू जेवलीस का गं?"

सकाळचे दहाही वाजले नव्हते. डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी अण्णांकडे बघितलं नाही, सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं.

"तुम्ही आजोबांना घेऊन रक्त द्यायला जा," डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. "नर्स दाखवेल. या दोघी इथेच थांबू देत."

चाकाची खुर्ची बाहेर गेली, दार लागलं. डॉक्टर टेबलामागून उठल्या आणि खुर्ची ओढून सासूबाईंच्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

"आजी, मला तुमच्या घरात डोकवायचं नाही. पण माझी एक अडचण आहे. माणूस आज कसा आहे ते मला दिसतं. महिन्याभरापूर्वी कसा होता ते दिसत नाही. तरुण माणसाच्या डोक्याला लागलं तर उलट्या होतात, डोकं दुखून फुटायची वेळ येते, माणूस स्वतःच ओरडत येतो. म्हाताऱ्या माणसाचं तसं नसतं. मेंदू जरा आक्रसलेला असतो, कवटीत जागा झालेली असते. तिथे रक्त थेंबथेंब साठत जातं आणि आठवडेच्या आठवडे कुणाला पत्ता लागत नाही. वरून बघावं तर खरचटलेलंही नसतं. एवढंच होतं, की माणूस जरा वेगळा वागायला लागतो. ते जवळच्या माणसालाच कळतं. म्हणून मी एकच विचारते. हे 'जेवलीस का' ते कधीपासून विचारतायत?"

"मंगळवारपासून," सासूबाई म्हणाल्या.

शाळेतल्या मुलीने उत्तर द्यावं तसं पटकन म्हणाल्या. आणि मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं.

"मंगळवारच्या आधी?"

सासूबाई स्वेटरचं बटण फिरवत राहिल्या.

"आधी नाही विचारलं."

"बऱ्याच दिवसांत?"

"कधीच नाही." त्यांचा आवाज इतका खाली गेला की डॉक्टर पुढे झुकल्या. "लग्न झाल्यापासून कधीच नाही. मी जेवले, नाही जेवले. तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा नाही. ही खरं बोलतेय. ते ओरडतात. मी बाहेर सांगत नाही, पण ते सारखे ओरडतात." आणि मग, एकदा गाठ सुटली म्हणून की काय, बाकीचंही आलं. "आणि पडलेसुद्धा होते. बेसिनवर डोकं आपटलं, मी आवाज ऐकला. मला म्हणाले, सांगू नकोस. ओरडत होते हो नेहमीसारखे, मला वाटलं, काही झालं नाही."

"रक्त पातळ करायची गोळी घेतात?"

"हो. रोज."

डॉक्टर उठल्या. एका शब्दाने बोलल्या नाहीत त्या सासूबाईंना. उलट त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला. "डोक्याचा स्कॅन. आत्ता. रिपोर्टसाठी थांबू नका."

मी सासूबाईंकडे बघितलं नाही. कुणी आपल्यादेखत कपडे बदलत असलं की आपण तोंड फिरवतो, तशी मी भिंतीकडे बघत बसले.

स्कॅन झाला. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं: कवटीच्या आत, उजव्या बाजूने, कलिंगडाच्या फोडीसारखा एक करडा पट्टा, आणि त्याने मेंदू बाजूला रेटलेला. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मी तर त्यांना रोज बघत होतो," तो म्हणाला. मला तोंडावर आलं होतं की तू रोज दारातून बघत होतास. पण तो एकटक त्या पट्ट्याकडेच बघत होता, म्हणून मी गिळलं. कवटीला छोटं भोक पाडून रक्त काढून टाकावं लागेल, गोळीचा असर उतरवायला औषध द्यावं लागेल, वय बघता धोका आहे पण न करण्यात जास्त आहे, असं सर्जन येऊन सांगून गेले.

सगळे पांगल्यावर सासूबाईंनी डॉक्टरांना थांबवलं. "एक विचारू? ते रक्त काढलं की हे बोलणंही जाईल का?"

डॉक्टरांना कळायला क्षणभर लागला. "बहुतेक ते पहिल्यासारखे होतील, आजी."

"पहिल्यासारखे."

"हो."

"आणि हे जे बोलत होते, ते त्यांचं होतं, की त्या रक्ताचं?"

डॉक्टरांनी डोक्यावरचा चष्मा काढून हातात घेतला. "मेंदूवर दाब आला की स्वभाव पालटतो. कुणी शिव्या द्यायला लागतं, कुणी मुकं होतं. आजोबा असे का झाले, आत आधीपासून काही होतं का, ते मला त्या चित्रात दिसत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू शकते. पण ते खरं असेल असं नाही."

"नाही काढलं तर?"

"झोप वाढत जाईल. मग उठणार नाहीत."

"मग काढा," सासूबाई म्हणाल्या. ताबडतोब म्हणाल्या, पण बाकावर येऊन बसल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं, बोटं रुतेपर्यंत. "तू शुक्रवारी म्हणालीस ना, तेव्हाच मला कळलं होतं गं. आत कुठेतरी मला त्याच्या आधीच कळलं होतं. हा माणूस असा नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? पण मी म्हटलं, अजून एक दिवस. मग शनिवारी म्हटलं, अजून एक. एका दिवसाने काय होतंय?"

मला त्यांचा राग आला. माणूस मरायला टेकला आणि ही बाई दिवस ढकलत होती. आणि त्याच वेळी त्यांची इतकी माया आली की मला काय करावं सुचेना. मी म्हटलं, "काही खाल्लंय का तुम्ही सकाळपासून?" आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली. पण त्या खरंच रडल्या आणि खरंच हसल्याही, आणि आम्ही दोघींनी तिथल्या उपाहारगृहातले कोरडे पाव चहात बुडवून खाल्ले.

अण्णांना आत नेताना सासूबाई ट्रॉलीच्या कडेने चालत होत्या. अण्णा अर्धवट गुंगीत होते. काहीतरी पुटपुटत होते, मला ऐकू येत नव्हतं. सासूबाईंनी चालता चालता कान त्यांच्या ओठांशी नेला. वॉर्डबॉय म्हणाला, "आजी, बाजूला व्हा, दार आलं." त्या झाल्या नाहीत, दारापर्यंत तशाच वाकून गेल्या. काय म्हणाले, ते मी विचारलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. पहिला दिवस अण्णा झोपूनच होते, डोक्याला बँडेज, त्यातून एक नळी खालच्या पिशवीत उतरलेली. पिशवीत मळकट लालसर पाणी जमत होतं. सासूबाई त्या पिशवीकडे अधूनमधून बघायच्या. मी आपलं मन दुसरीकडे लावायचा प्रयत्न करत होते.

त्यानंतरच्या सकाळी आम्ही तिघं कॉटपाशी होतो. नर्स औषध घेऊन आली होती, डॉक्टर बाई दुसऱ्या पेशंटकडून इकडे येतच होत्या. अण्णांनी डोळे उघडले. दिव्याकडे बघितलं, नळीकडे बघितलं, आणि मग सासूबाईंवर नजर रोखली.

"हा दिवा कुणी लावलाय तोंडावर? आणि तू काय खांबासारखी उभी आहेस? दिसत नाही घसा कोरडा पडलाय ते? अक्कल गहाण टाकलीयस? पाणी दे!"

अख्ख्या वॉर्डने मान वळवली. शेजारच्या कॉटवरचे गृहस्थ दचकून उठून बसले. माझा नवरा तोंडावर हात ठेवून हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अण्णा वाचले होते. माझाही जीव भांड्यात पडला. मग मी सासूबाईंकडे बघितलं आणि माझं हसू गेलं.

त्यांचा हात सवयीने पेल्याकडे गेला होता. पाणी भरलेलं होतं. पेला उचलून त्या एक पाऊल पुढे आल्या.

"आजोबा फारच चिडलेत," नर्स म्हणाली आणि काहीतरी ऐकायच्या अपेक्षेने सासूबाईंच्या तोंडाकडे बघायला लागली. डॉक्टरही बघत होत्या. शेजारचे गृहस्थ तर कान टवकारून बसले होते.

सासूबाई त्यांच्यापैकी कुणाशीच बोलल्या नाहीत. अण्णांना म्हणाल्या, "हळू बोला."

"काय?"

"हळू बोला म्हटलं. तुम्हाला येतं. आठवडाभर ऐकलंय मी."

अण्णांच्या कपाळावर बँडेजच्या खाली आठ्या पडल्या. "मी? मी काय बोललो?"

सासूबाईंनी सांगितलं नाही. पेला हातात धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. अण्णांनी मुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, अगदी नर्सकडेसुद्धा बघितलं. कुणीच त्यांच्या मदतीला गेलं नाही. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"पाणी दे," ते म्हणाले.

"अजून हळू," सासूबाई म्हणाल्या.